नगरपरिषदेच्या संकेतस्थळावर कुकीची पट्टी लावली की झालं का?

वेबकारागीर
एका नगरपरिषदेचं संकेतस्थळ नव्याने बांधायचं आहे. गूगल अ‍ॅनालिटिक्स (भेटी मोजायला), मुख्य पानावर यूट्यूबचा व्हिडिओ, बाजूला फेसबुकची चौकट. खाली 'आम्ही कुकीज वापरतो – ठीक आहे' एवढी पट्टी नवीन डेटा कायद्याला पुरेल का? की सरकारी साइटला सूट आहे?

कायदेवाचक
पुरणार नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ मध्ये कुकीचा (संकेतस्थळ ब्राउझरमध्ये ठेवतं त्या छोट्या नोंदीचा) वेगळा उल्लेख नाही. पण कुकीतल्या क्रमांकावरून व्यक्ती ओळखता येत असेल तर तो वैयक्तिक डेटाच. शासनाला कलम ७ मध्ये जी मोकळीक आहे ती मुख्यतः अनुदान, सेवा, दाखले, परवाने देण्यासाठी. पाणीपट्टी भरायला आलेल्या माणसाची माहिती जाहिरात कंपनीकडे जावी, हे त्यात बसत नाही असं माझं ठाम मत आहे.

म्हणजे राहिली कलम ६ ची संमती. 'ठीक आहे' हे एकच बटण असेल तर नकार द्यायचा कुठे? 'नको' तितकंच ठळक ठेवा. संमती मागे घेणंही देण्याइतकंच सोपं हवं, म्हणून प्रत्येक पानाच्या तळाशी कायमचा दुवा द्या. सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. संमतीच्या तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. शाळांच्या पानांवर जास्त जपा: काही अपवाद सोडले तर १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला कलम ९ मनाई करतं, आणि दंड २०० कोटींपर्यंत आहे.

सर्व्हरवाला
बहुतेक ठिकाणी पट्टी दिसायच्या आधीच माग काढणारी स्क्रिप्ट चालून गेलेली असते. इन्कॉग्निटोत पान उघडा, काहीही न दाबता एफ१२, अ‍ॅप्लिकेशन, कुकीज पाहा. तिथे अ‍ॅनालिटिक्सची कुकी दिसली तर पट्टी काहीच अडवत नाही. नेटवर्क टॅबही पाहा; कुकी नसली तरी आयपी पत्ता बाहेरच्या डोमेनला पोचतोच.

फेसबुकची चौकट काढून साधा दुवा द्या. व्हिडिओच्या जागी आपल्याच सर्व्हरवरचं चित्र ठेवा, दाबल्यावरच प्लेअर उघडू द्या. मोजणीसाठी मॅटोमो (भेटी मोजणारं मुक्त सॉफ्टवेअर) स्वतःच्या सर्व्हरवर. कुकी बंद करणारी ओळ पानभेट नोंदवणाऱ्या ओळीच्या आधी हवी, नाहीतर कुकी पडतेच. आयपीचे शेवटचे दोन बाइट झाका. अ‍ॅनालिटिक्स काढलं तरी जुन्या कुकीज लोकांच्या ब्राउझरमध्ये राहतात (मूळ मुदत दोन वर्षं, क्रोम ४०० दिवसांवर कापतो). त्या पुसताना डोमेन आणि पाथ हुबेहूब तेच द्या, नाहीतर पुसल्या जात नाहीत.

वेबकारागीर
आणि लॉगिनची सेशन कुकी?

सर्व्हरवाला
ती सेवेसाठीच लागते, राहू द्या. तिला सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवरून जाते), एचटीटीपी-ओन्ली (स्क्रिप्टला वाचता येत नाही) आणि सेमसाइट लॅक्स (दुसऱ्या साइटवरून आलेल्या बहुतेक विनंत्यांबरोबर जात नाही) हे गुणधर्म द्या. फक्त कर भरून पेमेंट गेटवेवरून (पैसे घेणाऱ्या बाहेरच्या सेवेवरून) पोस्ट (POST) विनंतीने परत येताना लॅक्स कुकी पाठवली जात नाही आणि नागरिक लॉगआउट झालेला दिसतो. त्यासाठी कुकी सैल करू नका. परतीच्या पानावर व्यवहार क्रमांक घ्या, गेटवेकडून सर्व्हरनेच खातरजमा करा आणि मग साध्या गेट (GET) विनंतीने पावतीच्या पानावर पाठवा.