तेव्हा न कळलेला, पुढे कामी आलेला शास्त्रातला (बायबलमधला) उतारा: तुमचे अनुभव लिहा

वास्कोकरीण
काल उपासनेत 'उपदेशक' या पुस्तकाचा बारावा अध्याय वाचला आणि आजी आठवली. सुट्टीत आमच्याकडून तो पाठ करून घ्यायची. घराचे राखणदार कापतात, दळणाऱ्या थोड्या उरल्या म्हणून थांबतात, खिडक्यांतून पाहणाऱ्या अंधुक होतात, बदाम फुलतो, टोळसुद्धा जड होतो. आम्हा पोरांना वाटायचं, कुठल्या तरी पडक्या वाड्याचं वर्णन आहे. "असू दे, तोंडात राहू दे," एवढंच म्हणायची ती.
आता आई माझ्याकडे असते. हात कापतात, दात मोजके, मोतीबिंदू, पहाटे पाखरू बोललं की जाग, जिन्याची धास्ती. केस पांढरेशुभ्र. म्हातारपण इतकं बारकाईनं लिहिलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि अध्यायाची सुरुवात तरुणांना उद्देशून आहे! तुम्हाला असा कुठला उतारा उशिरा भेटला?

मांडवीकाठ
स्तोत्र ८८. बाकीची रडगाणी शेवटी आशेकडे वळतात, हे वळतच नाही. सोबती दुरावले, अंधार, संपलं. लहानपणी विचारलं तर बाई म्हणाल्या, पुढचं वाच. माझं बाळ गेलं त्या वर्षी घरी येणारा प्रत्येक जण "यातून काही चांगलंच निघेल" म्हणायचा. हे स्तोत्र तसं म्हणालं नाही. रोज तेच वाचायचे. तव्यावर भाकरी आहे, नंतर लिहिते

वास्कोकरीण
बाय गे, काय बोलू. प्रार्थनेत आहेस.

फोंडेकर
मी हिंदू, पण लिहू ना? एम. ए. मराठीला ख्रिस्तपुराण होतं, फादर स्टीफन्सनी ओव्यांत लिहिलेली ख्रिस्ताची कथा. ते १५७९ साली गोव्यात आले, १६१६ मध्ये राशोलला ग्रंथ छापला, ओव्या अकरा हजारांच्या आसपास, हे सगळं परीक्षेपुरतं घोकलं. त्याच्या दुसऱ्या भागातला, म्हणजे दुसऱ्या पुराणातला, क्रूसाचा प्रसंग तर कंटाळून उलटला होता. पुढे धाकटा भाऊ अपघातात गेला आणि आई दगडासारखी बसून राहिली. तेव्हा पुस्तक शोधून काढलं, मोठ्यानं वाचलं. आई ऐकत राहिली. लेकाच्या मरणाजवळ उभी असलेली आई तिला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

म्हापसा_शुक्रवार
लिहा की दादा, ओवी सगळ्यांचीच. राशोलची सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) बाहेरून पाहिलीय का कुणी? मडगावहून बस कुठली?

बांबोळी_नाईट
लेवीय १३! कातडीचे डाग, याजकानं पाहायचं, सात दिवस वेगळं ठेवायचं, परत पाहायचं. दर वेळी पानं उलटून पुढे जायचे. मी नर्स. २०२० मध्ये वॉर्डात असताना तेच डोक्यात फिरायला लागलं. आणि चौदाव्यात याजक स्वतः छावणीबाहेर जाऊन त्या माणसाला पाहतो. त्याला आत बोलवत नाही, आपण जातो. पीपीई चढवताना रोज मला ते आठवायचं. ड्यूटी सुरू होतेय, निघते

फोंडेकर
@म्हापसा_शुक्रवार मडगाव स्टँडवर विचारा, तिथूनच सांगतील.

साळ_नदी
मला जरा वेगळं म्हणायचंय. स्तोत्र १३७ चा शेवट, ती लहान मुलं खडकावर आपटण्याची ओळ. पन्नाशी उलटली, मला ती अजून पटलेली नाही. प्रत्येक उताऱ्याला आपल्या आयुष्यात जागा मिळालीच पाहिजे असा हट्ट नको. पण म्हणून मी ती गाळतही नाही. वाचते आणि थांबते.

मांडवीकाठ
@साळ_नदी काकी, भाकरी झाल्या 🙂 ते लोक बाबेलला धरून नेलेले, शहर जळालेलं. मला ती ओळ आज्ञा वाटत नाही. मनातलं विष त्यांनी देवापुढे ओतलं, असं वाटतं. मी पण त्या वर्षी फार भयंकर बोललेय देवाजवळ.

साळ_नदी
हे कुणी आधी सांगितलं नव्हतं गो. विचार करते.

तिसवाडीचा
रिस्पा नावाची बाई. २ शमुवेल २१. मुलं मारली जातात, ती गोणपाट अंथरून कापणीपासून पाऊस पडेपर्यंत प्रेतांपाशी बसते, पाखरं नि जनावरं हाकत. तोंडून एक शब्द नाही. तिच्यामुळे राजाला हाडं गोळा करून पुरावी लागली. वडिलांच्या उशाशी रात्री काढल्या तेव्हा ती कळली. काही बोलायला सुचत नसलं तरी बसून राहायचं असतं.

वास्कोकरीण
ही गोष्ट मी कधी नीट वाचलीच नाही, आज वाचते. बरं, आईसाठी मोठ्या टायपाचं मराठी शास्त्र हवंय, मोतीबिंदूमुळे नेहमीचं दिसत नाही.

म्हापसा_शुक्रवार
बायबल सोसायटीचं बघा ताई. नाहीतर फोनवर ऐकवा, माझी सासू पेज जेवताना ऐकते.

वास्कोकरीण
देव बरें करूं! आजच लावून देते. उपदेशकापासूनच करते सुरुवात, तिला अजून पाठ आहे का बघू.