अनुभव धागा: जादुई वस्तूने तुमचा खेळ कधी बिघडवला?

इंदूरला सुदामानगरात आमच्या घरी दर रविवारी दुपारी आम्ही सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स हा फासे टाकून आपापलं पात्र रंगवायचा खेळ खेळतो. नियम पाचव्या आवृत्तीचे, २०१४ चे. डीएम, म्हणजे गोष्ट रचणारी आणि राक्षसांच्या बाजूने खेळणारी, मी असते. गेल्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि ती कशी निस्तरावी हे सुचेना, म्हणून हा धागा.

तिसऱ्या लेव्हलच्या पार्टीला, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीला, मी खजिन्यात उडता झाडू दिला. पुस्तकात त्याची दुर्मीळता ‘अनकॉमन’ लिहिली आहे, म्हणजे फाशाच्या आकड्यात एक मिळवणाऱ्या +१ च्या तलवारीइतकीच. वाटलं, एवढ्याने काय होतंय. पुढच्या सेशनसाठी मी इंदूरजवळचा पाताळपाणी धबधबा डोळ्यांसमोर ठेवून एक दरी रचली होती. खाली फेसाळतं पाणी, निसरडे कडे, कुजलेला दोर, पलीकडे लांडग्यांचा कळप. दोन आठवडे रोज रात्री जेवणं आटोपल्यावर नकाशा काढत बसायचे. आमच्या रोगने, म्हणजे चोरटं पात्र खेळणाऱ्याने, साठ फुटांवरून बाणांनी लांडगे टिपले, मग एकेकाला झाडूवर मागे बसवून पलीकडे सोडलं. वीस मिनिटांत दरी संपली.

कोणी चुकीचं खेळलं नाही. पण तेव्हापासून भिंत, खंदक, विहीर, काहीही समोर आलं की बाकीचे चौघे त्याच्याकडे बघतात आणि गप्प बसतात. तुमची वस्तू कोणती, कितव्या लेव्हलला दिली, आणि पुढे काय केलंत, ते वर नावाऐवजी आपली वस्ती देऊन लिहा. पुढचं सगळ्यात सविस्तर लिहा.

लोकमान्यनगर

ताई, मी खेळाडू. बिघाड माझ्याच पात्रापासून सुरू झाला, म्हणून आकडे तोंडपाठ आहेत.

माझा फायटर, म्हणजे योद्धा. एसी म्हणजे घाव लागायला शत्रूला गाठावा लागणारा आकडा. प्लेट चिलखताचा एसी १८, ढालीचे २, डिफेन्स स्टाइल या बचावाच्या शैलीचा १. एकूण २१. मग ढाल +१ ची मिळाली, आणि पुढच्याच गुहेत क्लोक ऑफ प्रोटेक्शन, म्हणजे रक्षण करणारा झगा. झाले २३. दोन्ही वस्तू ‘अनकॉमन’, दोन्हींचा फायदा एकेकच. डीएमला वाटलं किरकोळ आहे.

आता गॉब्लिनचं, म्हणजे एका छोट्या राक्षसाचं, बघा. त्याचा हल्ला +४ चा, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात चार मिळवायचे. एसी २१ असताना त्याला फाशावर १७ किंवा जास्त हवेत, म्हणजे वीसपैकी चार वेळा लागतो. २३ झाल्यावर १९ किंवा २० च हवेत, वीसपैकी दोनदाच. दोन आकड्यांनी माझ्यावर बसणारे घाव निम्मे झाले. एसी ११ वरून १३ केला असता तर असं झालं नसतं; तिथे चौदाचे बारा होतात. जो आधीच भक्कम आहे, त्याला पुढचा प्रत्येक आकडा जास्त फळतो.

मग डीएमने मला लागावं म्हणून मोठे राक्षस आणले, हल्ला +९ चा. मला ते वीसपैकी सात वेळा लागायचे. आमच्या विझार्डचा, म्हणजे जादूगारणीचा, एसी १२, तिला अठरा वेळा. तीन सेशनमध्ये ती चार वेळा बेशुद्ध पडली. ती काही बोलली नाही, पण चौथ्या सेशनला तिने येत नाही म्हणून कळवलं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तिला फोन केला आणि पुढच्या खेपेला मुक्कामाच्या जागी माझा क्लोक काढून तिच्या खांद्यावर घातला. एसी १३ ने फार काही बदललं नाही, खरं आहे. पण डीएमने ते पाहिलं आणि मोठे राक्षस परत पाठवले. डीएमला माझी एकच विनंती असते: वस्तू कोणाच्या अंगावर जाणार, हे ती देण्याआधी बघा.

रामबाग

मी तिसऱ्या आवृत्तीपासून खेळतो, ती २००० साली आली. तिच्यात कितव्या लेव्हलला पात्राकडे किती सोन्याचा ऐवज असावा याचा तक्ताच होता, आणि राक्षस तो ऐवज धरून बेतलेले. २००८ च्या चौथ्या आवृत्तीतही तलवारीवरचे बोनस हिशेबातच होते. दिले नाहीत तर पार्टी मागे पडायची. २०१४ ला ते बदललं. राक्षसांचे आकडे जादुई वस्तू नाहीत असं धरून ठेवले गेले, म्हणून आता दिलेला प्रत्येक + वरकड ठरतो. जुन्या सवयीचा माझ्यासारखा डीएम इथेच फसतो. सढळ हाताने दिलं आणि सहाव्या लेव्हलला प्रत्येक लढाई दुसऱ्या फेरीत संपू लागली.

एकावेळी तीनच वस्तूंशी अट्यूनमेंट, म्हणजे वापरण्यासाठी वस्तूशी जोडून घेणं, हा नियम मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. खजिना कितीही मोठा असो, खेळाडूला निवडावं लागतं. २०१४ च्या नियमांत झाडूला मात्र अट्यूनमेंट लागत नाही. ताई, निम्मी अडचण तिथे आहे.

वैशालीनगर

रामबागच्या काकांशी एका बाबतीत मी सहमत नाही. न दिल्यानेही खेळ बिघडतो. आमचा डीएम बॅलन्सच्या काळजीने आठव्या लेव्हलपर्यंत एकही जादुई शस्त्र देत नव्हता. माझी बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्यी. गार्गॉइल नावाचे दगडी राक्षस आले. साध्या शस्त्राचा मार त्यांना अर्धाच बसतो. मी ११ चा घाव घालायचे, वहीत ५ मांडले जायचे. वेअरवुल्फला, म्हणजे लांडग्याचं रूप घेणाऱ्या माणसाला, तर साध्या शस्त्राने काहीच होत नाही, चांदीचं किंवा जादूचं हवं. विझार्डचे मंत्र पूर्ण चालायचे. सव्वा तास मी फासे टाकत होते आणि माझ्यामुळे काहीही घडत नव्हतं. घरी जाताना रडू आलं होतं मला.

मी डीएमला सरळ सांगितलं. त्याने पुढच्या सेशनला नुसती जादुई कुऱ्हाड दिली, + काहीच नाही, फक्त मार पूर्ण बसेल एवढं. मला तेवढंच हवं होतं.

तिलकनगर

डेक ऑफ मेनी थिंग्ज, म्हणजे जादुई पत्त्यांचा जोड; जो पत्ता निघेल तसं बरं किंवा वाईट घडतं. १९७५ पासून खेळात असलेली वस्तू, म्हणून कौतुकाने दिली. पाचवी लेव्हल. एकाला मून निघाला, त्याच्या हाती विश, म्हणजे इच्छा पुरी करणारे मंत्र, आले. दुसऱ्याला व्हॉइड, त्याचा आत्मा कुठल्या कुठे कैद. ज्याचं पात्र गेलं तो दीड वर्ष ते मनापासून रंगवत होता, त्याच्या वहीत त्या पात्राच्या आईची पत्रंसुद्धा लिहिलेली होती. कॅम्पेन, म्हणजे अनेक सेशन चाललेली ती गोष्ट, तिथेच थांबलं. सावरलं नाही. आजही वाईट वाटतं.

पुन्हा लोकमान्यनगर

एक चांगली वस्तू लिहायची राहिली. माझी भाची अकरा वर्षांची, तिला मी इममूव्हेबल रॉड दिला. तोही ‘अनकॉमन’च. बटण दाबलं की हवेत जिथे आहे तिथेच घट्ट राहतो, ८,००० पौंड पेलतो. तिने त्याची दाराला अडसर केली, चढायला पायरी केली, आणि एकदा अजगराच्या जबड्यात उभा धरून बटण दाबलं. दर वेळी ती आधी डोळे मिटून विचार करते आणि मग म्हणते, “मामा, असं चालेल का?” झाडू असं काही विचारत नाही.

सुदामानगर, धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. लोकमान्यनगर, तुमचं शेवटचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलं.

झाडू चोरीला न्यायचा किंवा जाळून टाकायचा, असं आधी मनात होतं. तिलकनगरचा अनुभव वाचून ते सोडलं. शनिवारी रात्री आम्ही सगळे सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात गेलो होतो, गराडू हा तळलेला कंद खाताना मी सरळ बोलले: झाडू मी लवकर दिला, त्यामुळे बाकीच्यांना करायला काही उरत नाही, तुम्हीच सांगा. वाटलं होतं रोग खेळणारा हिरमुसेल. तो म्हणाला, मलाही सगळ्यांना एकेक करून नेऊन सोडायचा कंटाळा आलाय, मला पहाऱ्याला पुढे जायला हवा होता तो. मग त्यानेच सुचवलं की झाडूने एकालाच उचलावं. अट्यूनमेंट मी लावली. दिवसाला किती वेळ उडेल यावर वाद झाला. विंग्ड बूट्सना, म्हणजे उडत्या बुटांना, चार तास असतात, त्यावरून आम्हीही चार तास धरले.

काल नवी दरी होती. त्याने दोराचं टोक पलीकडे नेऊन वडाला बांधलं. क्लेरिक (पुजारी) आणि ड्रुइडने (निसर्गपूजक) अलीकडच्या गाठीवरून दहा मिनिटं खल केला, चिलखत काढायचं की नाही यावर फायटर अडून बसला, शेवटी चिलखत घालूनच निघाला. मध्यावर त्याने फासा टाकला. ४ पडले. साडेसात झाले होते, एकाची शेवटची बस होती, तिथेच थांबलो. तो अजून एका हाताने लोंबकळतोय, आणि सकाळपासून ग्रुपवर दोर कसा धरायचा याची चित्रं येताहेत.