फ्रेंचचा भूतकाळ इंग्रजीतून डोक्यात शिरत नाहीये, काय करू?

नवखी_माँत्रेआल

नमस्कार मंडळी. मी सध्या माँत्रेआलला असते. शाळा इंग्रजी माध्यमाची, नोकरी इंग्रजीत, त्यामुळे फ्रेंचही इंग्रजीतूनच शिकतेय. वर्गात बहुतेक इंग्रजीभाषक, आणि पुस्तकही त्यांच्यासाठीच लिहिलेलं. डेल्फ बी१ (फ्रेंचची मधल्या पातळीची परीक्षा) द्यायची आहे. ऐकलेलं बऱ्यापैकी कळतं, पण भूतकाळ आला की गाडी अडते. पासे काँपोझे (घडून गेलेल्या गोष्टीचा भूतकाळ) कधी, अँपार्फे (चालू असलेल्या किंवा नेहमीच्या गोष्टीचा भूतकाळ) कधी? भूतकाळासाठी साहाय्यक क्रियापद म्हणून एत्र (असणे) कुठे लावायचं, आव्वार (जवळ असणे) कुठे? एत्रच्या क्रियापदांची यादी घोकलीय, पण बोलताना यादी आठवायला वेळ कुठे असतो? आणि स्युबझाँक्तीफबद्दल (इच्छा, शंका वगैरेंसाठीचं क्रियापदाचं रूप) पुस्तक म्हणतं, इंग्रजीत हे जवळजवळ उरलेलंच नाही, आणि पुढे नुसते तक्ते. कुणी यातून गेलं असेल तर सांगा ना.

पुण्याची_फ्रेंचबाई

मी पुण्यात बरीच वर्षं अकरावी-बारावीच्या मुलांना फ्रेंच शिकवलं. मार्क मिळतात म्हणून घेणारी मुलं खूप असतात, तरी त्यांतल्या कित्येकांना पुढे भाषेची खरी गोडी लागते. तुमची अडचण फ्रेंचची कमी आणि मधल्या इंग्रजीची जास्त आहे. इंग्रजीत जे वेगळं दिसतच नाही, ते मराठीत तुम्ही लहानपणापासून वेगळं बोलताय.

अँपार्फेपासून सुरू करते. "पाऊस पडत होता, मी बाहेर पडले." इल प्लवे, झ स्वी सॉर्ती. पडत होता, जायचे, करायचे हे सगळं अँपार्फे. पडले, गेले, केलं हे पासे काँपोझे. इंग्रजीत 'गेले' आणि 'जायचे' या दोन्हींसाठी एकच रूप चालून जातं, म्हणून त्या पुस्तकाला पानंच्या पानं समजावत बसावं लागतं.

आता एत्र आणि आव्वार. वाक्य मनात 'ती' धरून म्हणा, कारण 'मी'ला 'ने' दिसत नाही. "ती बाहेर गेली": एल ए सॉर्ती, एत्र. "तिने गाडी बाहेर काढली": एल आ सॉर्ती ला व्वात्यूर, आव्वार. फ्रेंच क्रियापद तेच, पण कर्म आलं की मराठीत 'तिने' आणि फ्रेंचमध्ये आव्वार. 'तिने' आलं तर आव्वार धरून चाला. ('स्वतःला' अशा अर्थाचा से लागणारी क्रियापदं तेवढी बाजूला ठेवा, ती कायम एत्रच घेतात.) 'ती' आलं तर मात्र थांबून बघायचं: जाणं, येणं, पडणं, जन्मणं, मरणं, राहून जाणं अशांना एत्र. धावली, झोपली, हसली, बोलली यांना आव्वारच: एल आ कुर्यू, एल आ दॉर्मी.

वर्गात सगळ्यांना छळणारा कर्माशी जुळवण्याचा नियमही तुम्हाला परका नाही. आपण 'निबंध लिहिला' पण 'चिठ्ठी लिहिली' म्हणतो, क्रियापद कर्माकडे बघतं. फ्रेंचमध्येही बघतं, फक्त कर्म आधी आलं असेल तरच. झे एक्री ला लेत्र. पण ला लेत्र क झे एक्रीत. तो शेवटचा 'त' ऐका. बहुतेक क्रियापदांत हा फरक कानाला कळतच नाही, म्हणून सरावाला एक्रीत, प्रीझ, मीझ, उव्हेर्त अशी ऐकू येणारी रूपं घ्या.

स्युबझाँक्तीफ म्हणजे बऱ्याच ठिकाणी आपलं 'यावं, करावं, असावं'. "मी यावं अशी त्याची इच्छा आहे": इल व्ह क झ व्हिएन. आणि "तो येईल अशी आशा आहे" इथे आपण 'यावं' म्हणत नाही, तर फ्रेंचही म्हणत नाही: झेस्पेर किल व्हिएँद्रा, साधा भविष्यकाळ. हे वर्गात पहिल्यांदा फळ्यावर लिहिलं की मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात, मला त्याचा आजही आनंद होतो.

कबेकवाला

बाईंचं पटलं. दोन ठिकाणी मात्र मराठी दगा देते, तेवढं सांगतो.

एक, आपला 'ला'. "त्याला बघतो" आणि "त्याला फोन करतो" आपल्याला सारखंच. फ्रेंचमध्ये झ ल रगार्द, पण झ ल्वी तेलेफॉन. इथे क्रियापदामागे 'आ' हा छोटा शब्द लागतो का हे क्रियापदासोबतच पाठ करायचं, दुसरा उपाय नाही.

दोन, "मी दहा वर्षं पुण्यात राहत होतो." बाईंच्या कसोटीने अँपार्फे वाटेल. पण संपलेला, मोजलेला काळ दिला की पासे काँपोझे: झे आबिते दिझाँ आ पुणे.

लिंगाचं म्हणाल तर मराठी काहीच मदत करत नाही. शब्द अँ (पुल्लिंगी 'एक') किंवा युन (स्त्रीलिंगी 'एक') यांसकटच वहीत उतरवा.

नवखी_माँत्रेआल

ताई, दादा, मनापासून आभार! 'तिने'ची कसोटी काल दिवसभर लावून बघितली, खरंच लागू पडतेय. एक शंका: "ती उठली, तिने हात धुतले." दुसऱ्यात 'तिने' आहे, तरी पुस्तकात एत्र आहे. शिवाय लिहिताना पहिल्याला शेवटी जादा ई (स्त्रीलिंगाचं e हे अक्षर) आणि दुसऱ्याला नाही, असं का?

पुण्याची_फ्रेंचबाई

शंका नेमकी आहे. दोन्हींत से आहे, म्हणून दोन्हींत एत्र. ई कुणाशी जुळवायचा ते मराठी वाक्यातच बघा. 'उठली' हे 'ती'शी जुळतं, म्हणून एल से लव्हेला ई. 'धुतले' हे 'ती'शी जुळत नाही, हातांशी जुळतं. आणि एल से लाव्हे ले मँ या वाक्यात हात क्रियापदाच्या नंतर आलेत, म्हणून लाव्हे कुणाशीच जुळत नाही, तसाच राहतो. आता "तिने जे हात धुतले" असं करा. हात क्रियापदाच्या आधी आले, की ले मँ केल से लाव्हे, आणि मँ स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून ई आणि एस दोन्ही.

डेल्फ बी१च्या लेखी परीक्षेत ४५ मिनिटांत किमान १६० शब्द लिहायचे असतात. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा आणि फक्त भूतकाळाच्या क्रियापदांवरून असा हात फिरवा. लिहिलेलं काही इथे टाकलंत तर मी तपासून देईन.