शेततळ्याचा कागद लावा, पण कोपरे कापू नका
बॉल पायथॉनसाठी (पाळीव अजगराची एक जात) प्लायची पेटी करायची, आत माती, झाडं अन् घाण साफ करणारे किडे ठेवायचे, तर बूड ओलीने खराब होऊ नये म्हणून काय करावं, असा प्रश्न आहे. इपॉक्सी लेपाचे दोन हात दिले की प्लायचं बूड पक्कं, असं वर दोघांनी लिहिलंय. इपॉक्सी चांगलंच, पण आपल्याकडे मे महिन्यात लाकूड वाळून आकसतं अन् पावसाळ्यात फुगतं. तडा जातो तो नेमका सांध्यावर, अन् वरून दिसतही नाही. त्यात बॉल पायथॉनच्या पेटीत ओल कायमच राहणार. म्हणून इपॉक्सीच्या वर शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरा. ज्याच्याकडे शेततळं झालं, त्याच्या गोठ्यात उरलेला तुकडा हमखास सापडतो. एक गोष्ट मात्र इथे कुणी बोललं नाही: या कागदाला सिलिकॉन (सांधे चिकटवायचं सीलंट) धरत नाही. काचेला घट्ट बसतं, पॉलिथिनवरून वाळल्यावर सालीसारखं निघून येतं. त्यामुळे कोपरे कापून चिकटवायचे नाहीत, पुस्तकाच्या कव्हरासारखे दुमडून भिंतीवर चढवायचे. खिळा-स्क्रू फक्त वरच्या काठाला, पट्टी ठेवून. माती भरण्याआधी चार बोटं पाणी सोडून रातभर ठेवा, खाली रद्दी पेपर. पेपर ओला दिसला की समजायचं.

निचऱ्याला फुटक्या कवेलूचे (कौलांचे) तुकडे मस्त, फक्त त्यांची टोकं कागदात घुसतात, म्हणून मधे शेडनेटची दुहेरी घडी. अन् भाऊ, वावरातली काळी माती टाकायचा सल्ला काही पटला नाही. ती ओली झाली की चिकट गोळा, वाळली की भेगा. झाडाच्या मुळांना हवा नाही, मातीतल्या किड्यांनाही नाही. नारळाचा भुसा, वाळू अन् पालापाचोळा बरा.