मदत हवी आहे: ओसाकाचे पाहुणे ठाण्यात येतायत

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, नोकरी महापे एमआयडीसीत. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामानिमित्त पहिल्यांदाच परदेशी गेले, जपानमधल्या ओसाकाला. तिथल्या दोघा साहेबांनी माझं व्हिजिटिंग कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, नीट वाचलं आणि मीटिंग संपेपर्यंत समोर टेबलावर ठेवलं. मला भरून आलं. मी शाकाहारी, तिथे साध्या सूपलाही बहुतेकदा माशाचा अर्क असतो, म्हणून त्यांनी माझ्यासाठी केवढी धावपळ केली!

आता तेच दोघे इकडे येतायत. हातात एकच रविवार आहे. मासुंदा तलाव, उपवन दाखवू की सरळ येऊरला नेऊ? मामलेदारची मिसळ त्यांना झेपेल का? आणि भेट म्हणून वारली चित्र चालेल ना? चारचा आकडा तिकडे अशुभ मानतात, एवढं मला ठाऊक आहे. जपानी पाहुण्यांचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा.