वंशावळीची क्वेरी फिरत राहते, मदत हवी आहे

मंडळी, खानापूरकडच्या आमच्या भावकीची वंशावळ मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसमध्ये भरतोय. टेबल एकच: आयडी, नाव, वडिलांचा आयडी. 'विथ रिकर्सिव्ह' (आधीच्या फेरीच्या निकालावर पुन्हा पुन्हा चालणारी क्वेरी) लावून एकेकापासून वर मूळ पुरुषापर्यंत जातो, दर फेरीला पिढीचा आकडा एकने वाढतो. माझी साखळी नीट येते. थोरल्या घराची मात्र १००१ फेऱ्यांवर तुटते. मर्यादा १००० ची असते हे ठाऊक आहे, पण आमच्या पिढ्या नऊच! आमच्यात नातवाला आजोबाचंच नाव ठेवतात, त्यामुळे कुणाचा तरी बाप म्हणून त्याचाच मुलगा लागलाय आणि क्वेरी गोल फिरतेय. 'युनियन ऑल'ऐवजी नुसतं 'युनियन' (हुबेहूब सारख्या ओळी गाळणारं) करून पाहिलं, पण पिढीचा आकडा बदलतो म्हणून ओळी वेगळ्याच धरल्या जातात.

सगळ्या टेबलातल्या अशा चुकीच्या नोंदी एकदम कशा शोधायच्या? आयडींची स्वल्पविरामांनी साखळी जोडत नेऊन, आयडी तीत आधीच आहे का ते 'फाइंड इन सेट' या फंक्शनने तपासू का? आजी थकलीय, नावं तीच सांगते. लवकर सांगा.