न ऐकताच बनलेलं मत
शास्त्रीय गायनातला ख्याल म्हणजे तीच ओळ घोळवत बसणं असं काही जण म्हणतात ना, माझंही अगदी हेच मत होतं आणि तेही धड न ऐकताच बनलेलं. शब्द शोधत बसायचो, सापडले नाहीत की बोअर व्हायचं. मग एकदा मारवा, पूरिया आणि सोहनी हे राग लागोपाठ ऐकले. तिन्हींत स्वर तेच 6, रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) नाहीच, तरी मारव्यात षड्ज (सा) इतका टाळतात की जीव टांगणीला लागतो, पूरिया गंधार-निषादावर (ग-नी) शांत रेंगाळतो आणि सोहनी सरळ वरच्या षड्जाकडे झेपावते, हे कानाला कळलं तेव्हा अक्षरशः अंगावर काटा आला! विलंबित, म्हणजे संथ एकतालात 12 मात्रांनी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा येते, नुसती तिची वाट बघत बसा एकदा, मग ती ओळ परत आली तरी तीच वाटत नाही.